रावबांच्या पुंगळ्या

"ऐक आता," असे म्हणून रावबांनी पितळेची पुंगळी दोन बोटांच्या चिमटीत धरली आणि तिचा काठ सोप्यातल्या काळ्या दगडावर अलगद टेकवला. तदनंतर ती कानाशी नेऊन त्यांनी डोळे मिटले. परगावाहून आलेल्या माणसाच्या तोंडून घरची खुशाली ऐकावी, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

कार्तिकातली दुपार होती. डोंगराच्या अंगावरचे धुके त्या दिवशी पुरते उतरलेच नव्हते, आणि त्यातून गाळून आलेले ऊन दुधात कालवल्यासारखे सोप्यात पसरले होते. माझ्या कल्हईच्या भट्टीतून निघालेली धुराची निळी रेघ आढ्यापर्यंत जाई आणि तेथेच विरून जाई. रावबांच्या पाठीमागे, माजघराच्या उंबऱ्याआड, त्यांची लेक हौसा मांडीवर सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. तिची बोटे तांदळातून अशी फिरत होती, जणू पाण्यात कोणी स्वस्थपणे हात घालून बसले आहे.

"बोलती का न्हाई?" रावबांनी डोळे उघडून विचारले.

"बोलते," मी म्हणालो. "गोड आहे."

"गोड," असे पुटपुटत त्यांनी ती पुंगळी घोंगडीच्या उजव्या बाजूला ठेवली आणि दुसरी उचलली.

ज्या वाचकांचा बंदुकीशी कधी संबंध आला नसेल त्यांच्याकरिता दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. बार उडाल्यावर काडतुसाचे जे रिकामे पितळी नळकांडे मागे उरते, त्याला पुंगळी म्हणतात. रावबांची दुनळी जुन्या मापाची होती. त्या मापाची तयार काडतुसे बाजारात मिळेनाशी झाली होती. म्हणून ते जुन्याच पुंगळ्यांच्या बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवीत, दारू आणि छर्रे भरीत, आणि तीच पुंगळी पुन्हा बंदुकीत घालीत. परंतु पितळ झाले तरी त्यालाही वय असते. प्रत्येक बाराला पुंगळी फुगते, ती पुन्हा ठोकून मापात आणावी लागते, आणि असे होता होता एके दिवशी तिच्या अंगात केसासारखी भेग पडते. ती भेग डोळ्यांना दिसत नाही. अशी पुंगळी बंदुकीत गेली, तर पुढे जावयाचा जाळ मागे येतो. आणि बंदुकीच्या मागे माणसाचा डोळा असतो.

हौसा मला गारगोटीच्या बाजारात भेटली होती. मी माझ्या पालात एका हंड्याला ठोके देत बसलो होतो. चाळिशीची, कपाळ मोकळे असलेली एक बाई समोर बराच वेळ उभी राहिली आणि मग म्हणाली,

"दादा, तुमी भांडं वाजवून फुटकं वळखता न्हवं?"

"तोच आमचा पिढीजात धंदा आहे, अक्का."

"मग बंदुकीची पुंगळी वळखाल?"

हातोडी खाली ठेवून मी तिच्याकडे पाहिले. असले गिऱ्हाईक माझ्याकडे पूर्वी कधी आले नव्हते. "पितळ ते पितळ," मी म्हणालो.

तेव्हा ती खाली बसली आणि तिने सारी हकिगत सांगितली. तिचे वडील रावबा खोराटे हे पूर्वी संस्थानच्या शिकारखान्यात नोकरीला होते. शिकारखाना मोडला, तेव्हा ही बंदूक आणि पुंगळ्यांची एक पेटी त्यांना बक्षीस म्हणून मिळाली. पुढे पीकसंरक्षणाचा परवाना झाला. रानडुकरे नाचणीत उतरू लागली की वाडीतले लोक हाक घालीत, म्हणजे ओरडत आणि डबे बडवीत रान उठवीत, आणि डुकरे ज्या घळीतून खाली येत त्या घळीच्या तोंडाशी रावबा बसत. तो त्यांचा मान होता.

"गेल्या येळंला बार काढला आनि जाळ मागनं आला," हौसा म्हणाली. "भुवई जळली, गाल भाजला. आबा म्हंत्यात दारू सर्दावली हुती. सर्दावलेली दारू निस्ती फुसफुसती वो. पुंगळी फुटकी हुती. आबा वाजवत्यात तवा दोन-तीन पुंगळ्या बद्द वाजत्यात, असं मला आतनं वाटतं. आता आमाला काय त्यातलं कळतंय? तुमी जानकार. तुमी येऊन सांगा."

"त्यांना ते ऐकू येत नाही काय?"

"बोललेलं येतं, वरडून बोललं की. पर तो बारीक आवाज जात असंल असं वाटतं. आनि कान गेलाय असं त्यास्नी म्हनायचं कुनी?"

"तुम्हीच सांगा की. लेकीचे ऐकतील."

ती हसली, परंतु ते हसणे डोळ्यांपर्यंत आले नाही. "बंदुकीच्या वस्तूला बाईमानसाचा हात लागू द्येत न्हाईत. शिकारखान्याची रीतच हाय ती. हाकेच्या आदल्या दिशी तर माजी सावली पडंल म्हनून सोप्यातबी येऊ द्येत न्हाईत. येत्या सोमवारी हाक हाय, दादा. परत जाळ मागं आला तर औंदा गालावर भागनार न्हाई."

एवढे बोलून ती उठली. याप्रमाणे रविवारी सकाळी पाठीवर भाता आणि कोळशाचे पोते घेऊन मी वेदगंगेच्या वरच्या खोऱ्यातील त्या वाडीत दाखल झालो. निमित्त कल्हईचे होते. परंतु भट्टी पेटल्यावर मी रावबांना म्हणालो की, आपल्याकडे शिकारखान्याचे पितळ आहे असे ऐकले, एकदा डोळ्यांनी पाहण्याची इच्छा आहे. म्हातारा एकदम खुलला. त्यांनी पेटी आणली.

"नाव काय म्हनलास?"

"केदारी."

"आनि बोलतुयास लेका मामलेदारावानी. कुटवर शिकलास?"

"सातवी नापास. परंतु गावच्या वाचनालयातली सगळी पुस्तके वाचली आहेत."

"सगळी?"

"लहानच आहे वाचनालय."

यावर ते मोठ्याने हसले. आम्हा दोघांचेही बोलणे वस्तुतः फार मोठ्या आवाजात चालले होते. कोणी म्हणेल की आम्ही ओढ्याच्या दोन काठांवर उभे आहोत.

सकाळचा सारा वेळ आम्ही पुंगळ्यांचे काठ मऊ करण्यात घालविला. ठोकून ठोकून पितळ कडक होते आणि मग काठ तडकतो. तो तापवला की पुन्हा नरम पडतो. मात्र बूड तापता कामा नये, कारण सगळा जोर बुडालाच सोसायचा असतो. म्हणून मी परातीत पाणी घेऊन त्यात पुंगळ्या अर्ध्या अंगापर्यंत उभ्या केल्या आणि फुंकणीने जाळ केवळ काठावर धरला. पितळ आधी पिवळे, मग मोराच्या पिसासारखे, मग अंधूक तांबडे होई. त्या क्षणी काडीने ढकलली की पुंगळी पाण्यात आडवी होई आणि वाफेचे लहानसे भूत वर येई. रावबा गुडघ्यांवर हात ठेवून ते पाहात राहिले.

"आंगोळी घालतुयास जनू," ते म्हणाले.

पेटीतल्या प्रत्येक जुन्या पुंगळीला त्यांनी नाव ठेवले होते. बुडावर त्यांनी टोचणीने खुणा केल्या होत्या, आणि खूण पाहताच ते तिचा स्वभाव सांगत. ही फुगीर, हिला बंदुकीतून ओढून काढावी लागते. ही रडी, हिची टोपी सैल बसते. ही म्हातारी, परंतु हिने कधी दगा दिला नाही. आणि एक होता राजा. पेटीतली पहिली पुंगळी ती. उजव्या नळीत पहिला बार नेहमी राजाचा, असा त्यांचा नेम होता.

"काठ सुधारता येतो," मी त्यांना म्हणालो, "परंतु अंगाला भेग असेल तर तिला इलाज नाही. ती बाजूलाच काढावी लागते."

"त्ये वाजवून बगू दुपारी," रावबा म्हणाले. "माजा कान हाय, आनि आता तुजा बी हाय."

आणि म्हणून दुपारी आम्ही त्या काळ्या दगडाच्या दोन बाजूंना बसलो होतो.

एकेक पुंगळी दगडाला टेकत होती. "ही?" "गोड." "ही?" "गोड आहे." "ही?" येथे मी थोडा थांबलो आणि म्हणालो, "हिचा आवाज मला बद्द वाटतो." रावबांनी कुरकुर न करता ती डावीकडे ठेवली. ती मागाहून कोणाकडून तरी आणलेली होती, तिला नाव नव्हते. पुढे रडीसुद्धा डावीकडे गेली. "रडीच ती," ते म्हणाले, "रडून रडून फुटली."

इतक्यात अंगणातून पांडबा नावाचे शेजारी आले. हाकेला हेही बंदूक घेऊन येत असत. गळ्याच्या शिरा ताणून ते म्हणाले, "रावबा, उद्या घळीवर तुमीच बसनार न्हवं? का दुसरा कुनी बगायचा?"

"का?"

"न्हाई, म्हनलं औंदा बार हुतोय, का परत भुवईच जळत्या?"

"तू तुजी बंदूक घे आनि झाडावर बस, पांडबा," रावबा शांतपणे म्हणाले. "डुक्कर वर बगत न्हाई. तुला भ्यायचं कारन न्हाई."

पांडबा हसले, मीही हसलो. परंतु ते गेल्यावर रावबांचा हात नकळत भाजलेल्या गालावरून फिरला. कातडी तेथे गुळगुळीत आणि गुलाबी झाली होती. डोळा तिच्यापासून फार दूर नव्हता.

"आता राजा," ते म्हणाले.

त्यांनी तो सदऱ्याच्या टोकाने पुसला, दगडाला टेकवला आणि कानाशी नेला. या वेळी त्यांनी डोळे मिटले नाहीत. ते माझ्याकडे पाहात होते. सोप्यातले सगळेच काही त्या क्षणी स्तब्ध झाले आहे असा मला भास झाला. धूरदेखील जागच्या जागी थांबला.

"रावबा," मी म्हणालो, "हा जरा दमलेला वाटतो."

"राजा दमला?"

"होय."

"परत ऐक." त्यांनी तो पुन्हा टेकवला.

"दमलेलाच आहे."

राजाला त्यांनी मांडीवर ठेवले, डावीकडेही नाही आणि उजवीकडेही नाही. मग घोंगडीवरची दुसरी एक पुंगळी उचलून, दगडापर्यंत नेऊन, कानाशी धरली. "ही?"

"गोड आहे," मी म्हणालो.

रावबांनी हात खाली घेतला. "मी टेकवलीच न्हाई, तांबटा."

मी चटकन दगडाकडे पाहिले.

"बोटभर वरच थांबवली हुती. आनि तू गोड म्हनलास." त्यांचा आवाज आता मोठा राहिला नव्हता, तरी ओठांवरून मला प्रत्येक शब्द समजत होता. "मगाधरनं बगतुया. पुंगळीकडं तुजी नजर एकदाबी न्हाई. माज्या खांद्यावरनं पलीकडं जाती." ते वळले. त्यांच्या मागे उंबऱ्याआड हौसा होती, मांडीवर सूप होते. ते पुन्हा माझ्याकडे फिरले तेव्हा त्यांचे डोळे शिकाऱ्याचे झाले होते. "माज्या लेकीकडं बगतुयास व्हय रं?"

"तिच्या बोटांकडे बघतोय."

"बोटाकडं? कशापायी?"

"पुंगळी चांगली वाजली की तांदूळ निवडणारी बोटे चालत राहतात. बद्द वाजली की थांबतात. राजाला दोन्ही वेळा थांबली." मी खाली पाहिले. "तिला ऐकू येते, रावबा."

"आनि तुला?"

"मला येत नाही."

हे वाक्य मी त्यापूर्वी कोणाजवळही उच्चारले नव्हते. आमच्या तांबट आळीत घराघरांतून दिवसभर हातोड्या चालतात. वडिलांच्या मांडीवर असल्यापासून मी त्या ठोक्यांत वाढलो. तेथे वयाची तिशी उलटली की प्रत्येकाचे कान जातात, परंतु सगळे एकदम जात नाहीत. जाड आवाज राहतो, माणसाचे बोलणे राहते. आधी जातो तो बारीक, टोकदार आवाज. आणि पुंगळीचा नाद नेमका तसाच असतो. हंडा मी हाताने थोपटून ओळखत असे, त्याचे पोट तळव्याशी थरथरते. पुंगळीतले मला काहीच कळत नव्हते. बाजारात हौसाने विचारले तेव्हा मला वाटले होते की, डोळ्यांनी आणि बोटांनी निभावून नेऊ.

हे सर्व मी रावबांना सांगितले. "बायकोच्या बांगड्या गेल्या," मी म्हणालो. "चिमण्या गेल्या. त्यांची चोच हलताना दिसते फक्त."

रावबा अंगणाकडे वळले. तेथे तुळशीच्या कट्ट्यावर चिमण्या सांडलेले दाणे टिपत होत्या. मला ते सारे दृश्य काचेपलीकडे घडत असल्याप्रमाणे दिसत होते, आणि त्या काचेच्या अलीकडे आम्ही दोघेच होतो.

"चिमन्या," ते म्हणाले. "दोन सालं झाली. मला वाटलं त्या वरडायच्याच बंद झाल्या." मग त्यांच्या खांद्यांना गदगद सुटली. ते हसत आहेत हे मला उशिरा समजले. "आरं लेका, मी दगडाला टेकवायचो आनि तुज्या तोंडाकडं बगायचो. तू गोड म्हनलास की उजवीकडं. म्हनलं बरं झालं तांबट आला, कुनाला कळायचं न्हाई. आनि तू तिच्या बोटाकडं."

"आमच्या आळीत एक उपाय आहे," मी म्हणालो. "कान गेलेले जुने कारागीर भांड्याचा काठ दातात धरतात आणि वर टिचकी मारतात. नाद हाडातून डोक्यात जातो."

"दातात?" त्यांनी तोंड उघडून दाखविले. आत एक दाढ तेवढी शिल्लक होती. "एका दातात कसली पुंगळी धरू? तू धर."

मी राजाला दातांत धरून नखाने टिचकी मारली. हिरड्यांत मुंगी चालल्यासारखे झाले. दुसरी पुंगळी धरली, तीही मुंगीच. हंड्याला जे साधते ते इवल्याशा पुंगळीला साधत नव्हते. तिसरी धरून पाहिली आणि मी मान हलविली.

रावबांनी राजाला माझ्याकडून घेतले आणि मुठीत धरले. उद्या उजाडता त्यांना घळीवर जावयाचे होते, आणि घोंगडीवरील दोन ढिगांपैकी कोणत्या ढिगात त्यांचा डोळा आहे हे आम्हा दोघांनाही सांगता येत नव्हते.

"हौसे," त्यांनी हाक मारली.

आत सूप खाली ठेवले गेले, परंतु कोणी उठले नाही.

"भाईर ये."

"आबा, उद्या हाक हाय."

"ठावं हाय मला. ये."

ती उंबऱ्यात येऊन उभी राहिली. परसदाराकडून येणारा उजेड तिच्या मागे होता, त्यामुळे तिच्या आधी तिची सावली सोप्यात आली, घोंगडीवर लांबच लांब पसरली आणि पुंगळ्यांवर पडली. हौसाने ती पाहिली आणि पाऊल मागे घेतले. रावबांनीही पाहिली. त्यांनी घोंगडी ओढून घेतली नाही.

"बस हितं," त्यांनी आपल्या जवळची जागा दाखविली. "ह्या तांबटाला काय ऐकू येत न्हाई. मलाबी येत न्हाई. तू वाजीव."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"त्ये बगू की. धर."

तिने पुंगळी हातात घेतली. बापाच्या घरात ती न्हाती-धुती झाली, सासरी गेली, कपाळ मोकळे करून परत आली. परंतु या पितळेला तिचा हात प्रथमच लागत होता. तिने काठ मुठीत गच्च आवळला आणि दगडावर आपटला.

"आगं, काठ नगं धरू," रावबा म्हणाले. "नाद मरतो. बुडाला धर, दोन बोटात. आनि आपटायचं न्हाई, पापी घेतल्यागत टेकवायचं."

"आबा," ती लाजून म्हणाली.

"खरं त्ये सांगतुया."

तिने टेकवली, आणि लगेच उजवीकडे ठेवली. पुढची उचलली. मग तिच्या हाताला लय सापडली. ती कानाशी नेत नव्हती, डोळे मिटत नव्हती. टेकवी आणि ठेवी, टेकवी आणि ठेवी. आम्ही दोघे तिच्या दोन बाजूंना बसून पाहात होतो. कोणत्याही आवाजाशिवाय पिवळे पितळ खाली जाई, वर येई, आणि उन्हाचा एक लहानसा ठिपका भिंतीवरून इकडून तिकडे उडत राही. रडीला तिने परत उजवीकडे आणले. "ही फुटकी न्हाई," ती म्हणाली, "हिची टोपी खुळखुळती." रावबांनी माझ्याकडे असे पाहिले की मी भट्टीतला कोळसा उगाच सारखा केला.

शेवटी त्यांनी मूठ उघडून राजा पुढे केला. तिने तो टेकवला आणि डावीकडे ठेवला.

"खात्री हाय?"

"हाय."

"परत वाजीव."

"कितीदाबी वाजवला तरी त्योच हाय, आबा. ह्येचा आवाज न्हानपनापास्नं आतनं ऐकलाय. चुलीम्होरं बसलं तरी कळायचं, आज राजा निगाला. गेल्या हाकंनंतर त्यो बदलला."

"मग तवा का बोलली न्हाईस?"

"सोप्यात कुटं येऊ दिलासा?"

हे तिने रागाने म्हटले नाही. दुपारी काय भाजी करू असे विचारावे, इतक्या सहजपणे म्हटले. रावबांनी मान खाली घातली आणि राजाच्या बुडावरची खूण अंगठ्याने चोळीत राहिले.

"तांबटा, हातोडी घे."

"राहू द्या," मी म्हणालो. "पेटीत आठवण म्हणून ठेवा. भरू नका म्हणजे झाले."

"ठिवला तर मी त्यो भरीन. मला म्हाईत हाय मी कसा हाय त्ये. उद्या सकाळी वाटंल, पोरीला काय कळतंय, आनि घालीन उजव्या नळीत." त्यांनी राजाला दगडावर आडवा ठेवला. "हान."

पितळ अभंग असेल तर एका घावाने ते चेपते. भेग असेल तर भेगेतच उघडते. हे आम्ही तिघेही जाणत होतो. तो नुसता चेपला असता, तर एक चांगली पुंगळी वाया गेली असती, आणि हौसा सोप्यात पुन्हा कधी बसली नसती. मी हातोडी उचलली. तिने पदराचे टोक मुठीत धरले होते.

मी बेताचा एकच घाव घातला.

राजा बुडापासून मधोमध उघडला. रावबांनी त्याचे दोन पापुद्रे बोटांनी दूर केले. भेगेच्या आतल्या कडा पितळेसारख्या पिवळ्या नव्हत्या, काजळीने काळ्या झालेल्या होत्या. म्हणजे गेल्या वेळचा जाळ येथूनच आला होता. त्यांनी त्यावर बोट फिरविले, बोटाला लागलेली काजळी पाहिली, आणि मग ते बोट हौसापुढे धरले. तिने त्यांचे ते बोट आपल्या पदराने पुसले.

नंतर दिवस मावळेपर्यंत त्या दोघांनी मिळून बार भरले. रावबा दारू मोजून देत, हौसा ती पुंगळीत ओतून वर बोळा बसवी. मी कल्हई केलेली भांडी राखेने घासत बसलो. ते एकमेकांशी काही बोलत होते. रावबांची पाठ माझ्याकडे असल्याने मला ते समजले नाही.

पहाट होताच रावबा बंदूक घेऊन धुक्यात शिरले. चार पावलांवर त्यांचा फेटा दिसेनासा झाला. मी निघण्याची तयारी करून चुलीपाशी चहा पीत होतो. हौसा भाकरी थापत होती. उघड्या दारातून पांढऱ्या धुक्याखेरीज काही दिसत नव्हते. घर उचलून ढगात ठेवले आहे, आणि खाली जमीन उरलेली नाही, असे वाटत होते.

"हाक सुरू झाली," ती एकदा म्हणाली. नंतर, "डबं वाजाय लागलं." मला ते ऐकू येत नव्हते. तिच्या तोंडूनच मी त्या दिवशीची हाक ऐकली.

मग बार झाला. तो मला ऐकू आला. जाड आवाज मला येत असे. तो कानात आला त्यापेक्षा छातीत अधिक आला. हौसाचे हात परातीवर थांबले. उजव्या नळीच्या त्या पहिल्या बाराला जाळ मागे आला असेल, तर दुसरा बार काढायला डोळा राहिला नसेल, हात राहिला नसेल. धुके जसेच्या तसे होते. तव्यावर भाकरी होती, तिच्याकडे कोणाचे लक्ष नव्हते.

"अक्का," मी म्हणालो.

तिने मला गप्प राहण्याची खूण केली. तिचे डोळे दाराकडे होते, परंतु ती पाहात नव्हती.

दुसरा बार झाला.

हौसाने श्वास सोडला. "आमच्याच बंदुकीची डावी नळी," ती म्हणाली. "मगाशी उजवी, ही डावी. आबाच हायत."

मग तिला तव्याची आठवण झाली. भाकरी एका अंगाने काळी पडली होती. ती तिने उलथन्याने उचलून माझ्या ताटात टाकली.

"तुमी खावा ही, दादा. आबाला करपलेली चालत न्हाई," असे म्हणून तिने परातीतला दुसरा गोळा थापायला घेतला.